ताण मोजायला निघालो तेव्हा

आमच्या ऑफिसात चहा आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "ते खांबाचं सांग ना!" खांबाचं सांगून होतं, तोवर दुसऱ्याला शेळीची आठवण होते. कप रिकामे होतात, पण उठायला कोणी तयार नसतं.

दोन-एक वर्षं आम्ही नगर जिल्हा पालथा घातला. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला सवय नगरचीच.) लोकांना ताण कशाचा येतो, आला की ते काय करतात आणि त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, एवढंच विचारत शाळा, कारखाने, वस्त्या हिंडलो. त्याचा जाडजूड रिपोर्ट झाला. आकडे, तक्ते, रंगीत चित्रं! पण लोकांनी आम्हाला जेवढं दिलं, त्यातलं फार थोडं त्या तक्त्यांमध्ये मावलं. उरलेलं आमच्याजवळच राहिलं आणि साचत गेलं.

आम्ही म्हणजे चौघं. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे आमचे सर, ज्यांच्या जुन्या मारुतीतून आम्ही फिरायचो. कर्जतची ज्योती, माझी जोडीदार. ऑफिसात बसून सगळी माहिती कॉम्प्युटरवर चढवणारा सलीम. आणि मी, प्राजक्ता, मुक्काम केडगाव.

* * *

खांबाचं आधी सांगते, कारण तो आमचा पहिलाच दिवस होता.

कर्जत तालुक्यातलं एक गाव. ओट्यावर एक मावशी ज्वारी निवडत बसलेल्या. मी समोर बसले, गंभीर चेहरा केला आणि पाठ केलेला प्रश्न विचारला, "मावशी, अलीकडे तुम्हाला ताण जाणवतो का?"

"ताण व्हय?" मावशींनी सूप खाली ठेवलं. "सैल पडलाय की! लई दिस झालं सांगतोय, कुनी येतंय व्हय बगायला?"

आणि त्यांनी बोट दाखवलं. अंगणाच्या कोपऱ्यात विजेचा खांब होता. त्याला जमिनीशी बांधून ठेवणारी तार, म्हणजे 'ताण', खरंच ढिली लोंबत होती.

"वारं सुटलं की खांब हालतोय. खाली लेकरं खेळत्यात. तुमी लाइटीचीच मान्सं न्हवं?"

"नाही हो मावशी. तो ताण नाही. मनाचा ताण."

"मनाचा?"

"म्हणजे काळजी लागते, छातीत धडधडतं, झोप येत नाही..."

"मंग टेन्शन म्हना की!" मावशी वैतागल्या. "सरळ मराठीत इचारा की, बाई!"

त्या दिवसापासून आम्ही जिल्हाभर 'टेन्शन'च विचारलं.

बरं, टेन्शन कशाचं, तर मावशी म्हणाल्या, "मला कसलं आलंय टेन्शन? त्यो खांबच!"

संध्याकाळी सरांनी वीज कार्यालयात फोन लावला. दुसऱ्या दिवशी परत लावला. तिसऱ्या दिवशी तर स्वतः जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच रस्त्याने गेलो, तर तार ताठ ओढलेली आणि मावशी ओट्यावरून हात हलवताहेत.

सर काच खाली करत म्हणाले, "घ्या! आपल्या संशोधनाने कमी झालेला पहिला ताण!"

* * *

सरांनी सांगितलं होतं, प्रश्न विचारायचा सराव आधी घरी करा. मी आईला बसवलं. माझी आई अंगणवाडीत सेविका होती, आता रिटायर झालीय. सकाळी विहारात जाऊन आली होती, पांढरी साडी अंगावर तशीच. परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली. प्रत्येक उत्तर झालं की विचारायची, "आलं का बरोबर?"

"आई, यात चूक-बरोबर नसतं."

"मग पास कसं करता?"

झोपेचा प्रश्न आला. "झोप शांत लागते का?"

"लागते की. एकदम शांत."

पप्पा गेल्यापासून आई आणि मी एकाच खोलीत झोपतो. तिच्या बांगड्यांचा आवाज मला रोज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. मी पेन्सिल खाली ठेवली. "आई, खरं सांग ना."

आईने माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला.

"खरं सांगितलं, तर तू झोपशील का?"

मी लिहिलं, 'झोप शांत लागते.'

* * *

जामखेडकडची एक शाळा. आठवीचा वर्ग. मुलांना एकेकटं बोलवून विचारायचं, टेन्शन आल्यावर काय करतोस, कोणाशी बोलतोस?

मुलगे सगळे एकाच साच्यातले. "क्रिकेट खेळतो." "मोबाईल बघतो." एकजण म्हणाला, "झोपतो." मी म्हटलं, "आणि उठल्यावर?" तर म्हणे, "परत झोपतो!"

मग एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, हात पाठीमागे. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाली, "मी सोनीला सांगते."

"सोनी कोण? मैत्रीण?"

"शेळी हाय."

मी हसू दाबलं. "बरं. आणि सोनीलाच का गं?"

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी थट्टा करत नाहीये ना, याची तिने खात्री करून घेतली असावी.

"ती मधीच 'अगं पण' म्हनत न्हाई."

मी काही बोलणार होते. खरं तर माझ्या तोंडात 'अगं पण'च होतं! ते गिळलं. मग ती पोरगी अशी बोलत सुटली की मधली सुट्टी संपली तरी थांबेना. घरची आजारी काकू, लांब लग्न होऊन गेलेली बहीण, गणित. मी नुसती ऐकत राहिले.

दोन दिवसांनी ऑफिसातून सलीमचा फोन. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये 'आधार कोणाचा' या रकान्यात ठरलेलेच पर्याय होते.

"ताई, या शेळीला कशात टाकू? कुटुंबात का मित्रांमध्ये?"

शेजारी बसलेल्या सरांना मी ते सांगितलं. सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "आपण कोण ठरवणारे? तिला विचारा."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी तिला खरंच विचारलं. तिनेही तितकाच गंभीरपणे विचार केला.

"मैत्रीण लिवा. घरचे तर सगळेच 'अगं पण' म्हनत्यात."

* * *

केडगावच्या पुढे एका शाळेत गेलो होतो. नाव सांगत नाही. मुख्याध्यापक एकदम कडक. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन रंगांची पेनं. आम्हाला पाहताच म्हणाले, "आमच्या शाळेत स्ट्रेस नाही!"

सर म्हणाले, "तरी दहा-पंधरा मिनिटं शिक्षकांशी..."

"विचारा ना! हे काय, सगळे इथेच आहेत." आणि ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून ओरडले, "कुणाला स्ट्रेस आहे का?"

"नाही सर!" सगळे एका सुरात!

"बघा!"

आता काय करणार? चहा घेतला. सरांनी चहा पिता पिता दोन गोष्टी सांगितल्या. मन फार धावत असेल तर दिवसातून एकदा शांत बसावं, श्वासाकडे लक्ष द्यावं, वगैरे. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते.

आम्ही निघालो. गेटपर्यंत पोहोचलो तर मागून बुटांचा आवाज. मुख्याध्यापक धावत येत होते. कडक इस्त्रीचा माणूस असा धावताना विचित्र दिसतो. आम्हाला वाटलं, काही विसरलं की काय.

त्यांनी मागे वळून शाळेकडे पाहिलं. कोणी नाही याची खात्री केली.

"सर, ते श्वासाचं... खुर्चीवर बसून केलं तरी चालतं ना?"

"चालतं की!"

"आणि समजा, ते करताना डोळ्यांत पाणी आलं तर? म्हणजे, माझ्या एका मित्राला येतं."

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या मित्राला सांगा, येऊ द्यायचं."

* * *

एमआयडीसीतल्या एका टेम्पोवाल्याचं तर दोन ओळींत संपतं.

मी विचारलं, "दादा, कधी रडू येतं का?"

"येतं की. पर गाडी बाजूला घेतो, ताई. आपल्या रडन्यापायी दुसऱ्याला धडक नको."

* * *

एका साखर कारखान्यात सरांनी कामगारांसाठी विश्रांतीचा वर्ग घेतला. गाळप जोरात चालू होतं, पहिली पाळी नुकतीच सुटलेली. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. मळीचा वास, अंगाला तेलाचे डाग, आणि चाळीसेक दमलेली माणसं.

"डोळे मिटा," सर त्यांच्या खास आवाजात म्हणाले. तो आवाज ऐकून कॉलेजातही पोरं पेंगतात. "आता पायांकडे लक्ष द्या... पाय सैल सोडा... पोटऱ्या सैल..."

गुडघ्यांपर्यंत पोहोचेस्तोवर पहिलं घोरणं ऐकू आलं. कमरेपाशी आणखी चार सामील झाले. खांद्यांपर्यंत आलो तेव्हा अख्खा हॉल घोरत होता! ज्योतीने तोंडात ओढणी कोंबली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

सर मात्र बोलतच होते. आवाज आणखी हळू करत, "कपाळ सैल... जबडा सैल..."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सुपरवायझर! ज्याच्या नावाने निम्म्या कामगारांनी आम्हाला आपलं टेन्शन सांगितलं होतं, तोच.

"काय चाललंय हे? झोपायला आणलंय का यांना?"

सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "हळू बोला. ट्रीटमेंट चालू आहे."

सुपरवायझर तसाच उभा राहिला. समोर त्याचीच माणसं पसरलेली. कोणाचं तोंड उघडं, कोणाचा हात शेजाऱ्याच्या अंगावर. पाळीत रोज ज्यांच्यावर ओरडायचं, त्यांचे झोपलेले चेहरे त्याने बहुधा कधी पाहिलेच नव्हते. त्याने दार लावलं. या वेळी आवाज होऊ न देता.

मग हळूच चपला काढल्या, शेवटच्या सतरंजीचा कोपरा शोधला आणि आडवा होत सरांना विचारलं, "पायापासनं परत सुरू कराल का?"

* * *

आमच्या कामात एक नियम लई कडक. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळता कामा नये. नवऱ्याचं बायकोला नाही, बायकोचं नवऱ्याला नाही. सर तर या बाबतीत इतके काटेकोर की एका घरातल्या दोघांना नेहमी लांब लांब बसवायचे.

श्रीगोंद्याकडे एका वस्तीवर असंच एक जोडपं होतं. आबा बाहेर लिंबाखाली सरांजवळ, आक्का आत चुलीपाशी माझ्याजवळ.

"मला कसलं टेन्शन न्हाई," आक्का म्हणाल्या. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "येक हाय. पर त्यास्नी कळू द्यायचं न्हाई."

त्यांची एकुलती एक लेक दौंडला दिलेली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ राहिलं नव्हतं.

"ध्यान लागत न्हाई बगा कशात. दूध उतू जातंय, भाकर करपतीया. पर ह्यांच्यापुडं मी लेकीचं नाव काडत न्हाई. मागल्या टायमाला ह्येनी अन्न सोडलं हुतं. म्हनून मी आपली गानी म्हनत हिंडते घरात."

माझे प्रश्न संपले. हात धुवायला बाहेर रांजणापाशी गेले, तर सरही तिथेच.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "लेक?"

"लेक."

"हिच्यापुढे बोलत नाही, म्हणाले."

"यांच्यापुढे बोलत नाही, म्हणाल्या."

सरांनी डोक्याला हात लावला. पण नियम म्हणजे नियम!

चहा आला. ते दोघं आणि आम्ही दोघं ओट्यावर. आबा बशीत फुंकर मारताहेत, आक्का पदराच्या टोकाला पीळ घालताहेत. मग सरांनी अगदी सहज विचारलं, "आबा, मुलंबाळं काय तुम्हाला?"

"येक लेक. दौंडाला दिलीया."

"बरी आहे ना?"

"बरी हाय की!" दोघं एकदमच म्हणाले आणि दोघं एकदमच गप्प झाले.

लिंबावर साळुंक्या कलकलत होत्या. आक्कांनी पदर सोडला.

"सातवा लागलाय तिला," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

आबांनी बशी खाली ठेवली. "तू मोजतीस व्हय?"

"मंग? तुमी न्हाई मोजत?"

"मला वाटलं, तुज्या ध्यानातच न्हाई. सारखी गानी म्हनतीस."

"तुमी जेवावं म्हनून म्हनते ती!"

आबा नुसती मान हलवत राहिले. मग खिशातून मोबाईल काढला आणि आक्कांपुढे धरला. "तूच लाव. माजा आवाज ऱ्हात न्हाई तिच्याशी बोलताना."

आम्ही उठलो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "आगं बाय, जेवलीस का?" हे आक्कांचं आम्हाला पार गाडीपर्यंत ऐकू येत होतं.

गाडी रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "सर, नियम मोडला तुम्ही."

"कुठे मोडला?" सर समोर बघत म्हणाले. "मुलंबाळं किती, हा आपल्या फॉर्ममधला पहिलाच प्रश्न आहे!"

* * *

आता एकच राहिलं. हे ज्योती असली की आम्ही सांगत नाही. आज ती रजेवर आहे म्हणून सांगते.

ज्योतीसमोर माणूस बसला की आपोआप बोलायला लागतो. आम्हाला जे तासभर खणून मिळत नाही, ते तिला पाण्याचा तांब्या हातात येईस्तोवर मिळतं. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही. नवऱ्याचं घर सोडलंय, कर्जतला खोली घेऊन एकटी राहते, एवढंच मला माहीत. तेही तिने एकदा डबा खाताना सांगितलं आणि लगेच लोणचं पुढे केलं.

जामखेडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती आहे. आमच्या यादीतली तिथली एक आजी राहिली होती. पत्र्याचं एकखणी घर, दाराशी दोन कोंबड्या. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ज्योती विचारत होती आणि लिहीत होती. मी शेजारी बसले होते.

सगळं नीट चाललं होतं. आजींनी गुडघे सांगितले, मोतीबिंदू सांगितला, पावसात गळणारा पत्रा सांगितला. हसत हसत सांगितला. मग तो प्रश्न आला.

"आजी, काही अडचण आली, दुखलंखुपलं, तर तुम्ही कोणाला हाक मारू शकता?"

"कुनालाच न्हाई."

"शेजारी?"

"ते ऊस तोडायला गेल्यात. घरं बंद हायेत समदी."

"बहीण, भाऊ कोणी?"

"व्हते. आता न्हाईत."

या प्रश्नाचे बरेच पर्याय होते आणि सगळ्यांत शेवटचा होता, 'कोणी नाही.' आमचे फॉर्म पेन्सिलीने भरायचे असत. माणूस जे सांगेल तेच लिहायचं, आणि लिहिण्यातली आपली चूक सोडली तर काही पुसायचं नाही. ज्योतीने लिहिलं.

"काय लिवलंस?" आजींनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच, आजी. 'कोणी नाही.'"

आजींनी मान डोलावली. मग डोळे बारीक करून ज्योतीकडे पाहत म्हणाल्या, "आन तुला गं?"

"मला काय?"

"तुला कोन हाय? हाक मारायला?"

लोक असं उलटं विचारतातच. त्यावर काय म्हणायचं, तेही आमचं ठरलेलं. हसायचं आणि म्हणायचं, "माझं राहू द्या, तुमचं सांगा." मी वाट बघत होते, ज्योती आता हसेल म्हणून.

ज्योती हसली नाही. पेन्सिल बोटांत फिरवत राहिली.

"मलाही कोणी नाही, आजी."

दोन वर्षं रोज तिच्याबरोबर एका डब्यात जेवणारी मी. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आजींनी हाताने कोंबडी हाकलली. पायावरचं लुगडं सारखं केलं. घाई काहीच नव्हती त्यांना.

"ऱ्हातीस कुटं?"

"कर्जतला."

"लांब न्हाई." आजींनी स्वतःशीच मान हलवली. "मंग खोड त्ये."

"काय, आजी?"

"त्ये लिवलंस न्हवं, 'कोनी न्हाई'? त्ये खोड माज्या कागदावरलं. आन तुजं बी खोड, जितं लिवलं आसंल तितलं."

ज्योतीने तो कागद मांडीवर सरळ केला. मग माझ्याकडे न बघताच तिने हात पुढे केला.

"प्राजू, रबर दे गं."